चूक कोणी दाखवायची?

मुलांनी करून शिकावं याला तत्त्वतः विरोध करणारा माणूस आज शोधूनही सापडत नाही. सरकार त्याच बाजूचं, खासगी शाळांच्या जाहिराती त्याच बाजूच्या, पालकसभेत माना डोलावणारेही त्याच बाजूचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिकण्याचा पुरस्कार केला आणि सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठरवून दिले. २०२२ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी पायाभूत स्तराचा वेगळा आराखडा आला, पाठोपाठ ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्या-कोड्यांची पेटी आली. इतकं एकमत झालं की मला शंका येते. ज्याला कोणाचाच विरोध नाही, ते बहुधा कोणी करतही नाही.

या एकमतातून सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती पडतं काय? थर्मोकोलची सूर्यमाला, चार्टपेपरवर चिकटवलेले ‘आपले मदतनीस’, आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी. त्यातलं बरंचसं रात्री जेवणं उरकल्यावर आईबाप करतात, उरलेलं स्टेशनरीवाला तयार विकतो. दुसऱ्या दिवशी फोटो निघतो, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जातो, आणि अहवालातल्या ‘प्रकल्पाधारित अध्ययन’ या रकान्यात बरोबरची खूण पडते. मग दुसऱ्या बाजूचे उठतात आणि म्हणतात, बंद करा ही थेरं, आधी पाढे पाठ करून घ्या. वाद रंगतो. दोन्ही बाजू त्या थर्मोकोलकडेच बोट दाखवून बोलतात, आणि मूल कशाने शिकतं हा प्रश्न तसाच राहतो.

हा वाद पुण्या-मुंबईत चालतो तेव्हा डोळ्यांपुढे स्वतःचं टेबल असलेलं मूल असतं. मला तो सुरतेतल्या नवागामच्या मुलापुढे नेऊन तपासायचा आहे. उधन्याच्या पुढे, डिंडोलीला लागून असलेली ही वस्ती. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं ताप्ती लाइनची गाडी धरून इथे आली ती कापडाच्या धंद्यामागे. पुरुष लूम्सच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळीत, नाहीतर मार्केटात साड्यांची पोटली उचलणारे. बायका घरबसल्या साडीला लेस लावणं, टिकल्या चिकटवणं, धागे कापणं अशा जॉबवर्कवर. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती, पुस्तकात प्रमाण मराठी. महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते, त्यांत मराठी आहे. पाठ्यपुस्तकं गांधीनगरच्या मंडळाची. २०२३ पासून पहिलीआधीची बालवाटिकाही सरकारी शाळेला जोडली गेली. पाच वर्षांचं मूल आता शाळेच्या ताब्यात येतं. त्याच्याकडून काय करून घ्यायचं?

माझं म्हणणं एका फरकावर उभं आहे. काही कामांत मुलाची चूक त्या कामातूनच दिसते, काही कामांत ती मोठ्या माणसाने दाखवल्याशिवाय कळत नाही. थर्मोकोलच्या सूर्यमालेत शनी बुधाच्या जागी टाचला तरी काही पडत नाही, काही अडत नाही. मूल बाईंच्या चेहऱ्याकडे बघतं आणि निकाल तिथून वाचतं. मेथी पेरताना दाणा फार खोल गाडला तर तो वर येत नाही. तिथे बाईंचा चेहरा बघून उपयोग नसतो. मोंतेसोरीबाईंनी हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वी साधनांत बसवलं होतं. ठोकळ्याच्या भोकांत लाकडी दट्टे बसवताना एक जरी चुकला तरी पुढे कुठेतरी अडतं. मला एवढंच म्हणायचं आहे की प्रकल्पालाही हीच कसोटी लावा. विषय कोणता, मुलांना किती मजा आली, गटात केलं की एकट्याने, हे सगळं मला दुय्यम वाटतं.

नवागामपुरतं उदाहरण घेऊ. दुसरीचा वर्ग, व्हरांड्यात पसरलेली एक साडी. लांबी साडेपाच मीटर, पन्हा साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर. हे आकडे आपल्यासाठी, मुलांना सांगायचे नाहीत. प्रश्न एकच: चारी बाजूंनी लेस लावायची तर किती लागेल? लेसऐवजी सुतळी, आणि अट अशी की सुतळी आधी अंदाजाने कापायची, मगच साडीवर ठेवून बघायची. एक गट साडीच्या लांबीएवढी कापतो. ठेवायला जातो तर पहिल्या कोपऱ्यावरच ती संपते. कोणी काही बोललेलं नसतं, तरी चौघं एकमेकांकडे बघतात. दुसरा गट हुशार, तो दोन्ही लांब काठ धरतो; पदराकडची आणि आतल्या टोकाची बाजू उघडी राहते. तिसरा गट वितींनी मोजतो आणि एकाच काठाच्या दोन वेगळ्या संख्या येतात, कारण एकाची वीत मोठी. मग भांडण. माझ्या मते तो तास या भांडणासाठीच आहे. बाईंनी अशा वेळी गप्प बसायचं, आणि ते सोपं नाही. शिक्षक-प्रशिक्षणात गप्प बसायला कोणी शिकवत नाही. दुसऱ्या दिवशी मीटरची पट्टी वर्गात येते तेव्हा ती कशाला आली हे सांगावं लागत नाही. फळ्यावर दोन साडेपाच मिळून अकरा, वर एक आणि एक, आणि उरलेलं थोडं. दुसरीच्या मुलाला सेंटिमीटर नाही कळले तरी चालेल. ‘तेरा आणि वर थोडं’ हे उत्तर त्याचं स्वतःचं असतं.

तीच गोष्ट श्रावणात कानबाईच्या सणाला होणाऱ्या रोटांची. बऱ्याच खानदेशी घरांत पुरुषामागे सव्वा मूठ या हिशेबाने गहू घेतात. मूठ कोणाची धरायची, हा मोजमापाचा प्रश्न. मुली का मोजायच्या नाहीत, हा प्रश्न वर्गातली एखादी मुलगी विचारेलच. त्याचं उत्तर बाईंकडे नसेल, माझ्याकडेही नाही.

आता दुसरीतलं हेच मूल संध्याकाळी घरी बघा. आई लेस लावते, ते टोक धरून बसतं, कधी टिकल्या चिकटवतं. तिथेही चूक लगेच दिसते. पण तिची किंमत मोजावी लागते: माल परत येतो, मजुरी कापली जाते, ओरडा बसतो. म्हणून तिथे मूल चुकतच नाही. दाखवलं तसं करतं, फार लवकर आणि फार सफाईने. ‘ही मुलं तर जात्याच करून शिकतात’ असं कौतुकाने म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ती काम करतात. करून बघत नाहीत, कारण करून बघणं त्यांना परवडत नाही. प्रदर्शनात चूक फुकट असते पण दिसत नाही, जॉबवर्कमध्ये दिसते पण महाग पडते. ती दिसावीही आणि स्वस्तही पडावी, अशी जागा या मुलाच्या दिवसात शाळेखेरीज दुसरी नाही.

मूल म्हणजे फूल, ते आपसूक उमलतं, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. तेही पहिलीपासून शिकवणी लावतात. इंग्रजी माध्यम मिळालं की बाकी सगळं मागोमाग येतं, या समजुतीला तर उत्तरही द्यायला नको. खरा वाद आहे तो ‘आधी पाया’ म्हणणाऱ्यांशी. ते मूर्ख नाहीत, आणि गरीब मुलाची काळजी त्यांना माझ्याइतकीच आहे, म्हणूनच त्यांना सहज सोडता येत नाही.

त्यांचं म्हणणं असं. सुखवस्तू घरातलं मूल अक्षरं, आकडे, पुस्तकाची भाषा घरूनच घेऊन येतं. त्याला शाळेत बिया पेरणं परवडतं. नवागामच्या मुलाला जे मिळायचं ते शाळेतच, आणि तिथले तास तुम्ही सुतळी कापण्यात घालवता? अमेरिकेत लिसा डेलपिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८८ मध्ये याच अंगाने गोऱ्या सुधारकांना धारेवर धरलं होतं: सत्तेचे नियम तुमच्या मुलांना घरात कळतात, आमच्या मुलांना ते स्पष्ट शब्दांत शिकवावे लागतात. हा आक्षेप मला अजूनही बोचतो. पण बोचतो म्हणून तो सुतळीच्या तासाला लागू पडतो असं नाही.

या मंडळींचं आवडतं शस्त्र म्हणजे कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांचा २००६ चा निबंध. नवशिक्याची कार्यकारी स्मृती तोकडी असते. त्याला फारसं मार्गदर्शन न देता कोड्यात सोडलं तर ती भरून जाते आणि शिकणं होत नाही, हा त्याचा गाभा. मला तो पटतो. पण सुतळीच्या तासात मोकळं सोडलं आहे काय? साडी बाईंनी निवडली, प्रश्न बाईंनी ठरवला, आधी कापण्याची अट त्यांची, दुसऱ्या दिवशीची पट्टी त्यांची. मोकळं सोडलं ते फक्त चुकणं. मुलांना वाऱ्यावर सोडणं आणि त्यांची चूक त्यांना सापडू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘आधी पाया’वाले दोन्हींना एकाच काठीने हाकतात.

दुसरं शस्त्र ‘फॉलो थ्रू’. अमेरिकेत साठीच्या दशकाअखेरी सुरू झालेल्या या प्रचंड प्रयोगात गरीब मुलांसाठी अनेक पद्धती वापरून पाहिल्या गेल्या, आणि मूलभूत कौशल्यांत थेट, पायरीपायरीने शिकवण्याची पद्धत वरचढ ठरली. हेही मान्य. मी तर म्हणेन अक्षरं थेटच शिकवावीत, रोज शिकवावीत, न कंटाळता शिकवावीत. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी कुठल्याही प्रकल्पातून झिरपून येत नाही. ती समोर बसून शिकवावी लागते. पण हे मान्य केल्यावर दिवसातले उरलेले तास राहतातच, आणि त्यांत आज काय चालतं ते कोणत्याही वर्गाच्या खिडकीतून दिसतं: फळ्यावरचं उतरवून घेणं.

आणि एक प्रश्न मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारतो. या देशातल्या सरकारी वर्गांत आजवर चाललं ते दुसरं काय होतं? प्रकल्प तर कुठे झालेच नाहीत. आधी पाया, मग पाया, शेवटीही पायाच. तरीही ‘असर’च्या पाहण्यांत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्मी दुसरीचा उतारा धड वाचू शकत नाहीत, असं वर्षानुवर्षं दिसतं. यावर त्यांचं ठरलेलं उत्तर आहे: पाया नीट घातला गेला नाही, पद्धतीत दोष नाही. बरं. मग प्रकल्प थर्मोकोलवर संपला तेव्हा तोही नीट झाला नाही असं म्हणण्याची सवलत आम्हाला का नाही? स्वतःच्या पद्धतीचं मूल्यमापन तिच्या उत्तम रूपावरून आणि दुसऱ्याच्या पद्धतीचं तिच्या विद्रूप रूपावरून, हा कुठला न्याय?

त्यातच २०२५ च्या आरंभी ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुलं गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करतात, पण तशीच गणितं शाळेच्या रूपात मांडली की अडखळतात. उलट शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं कागदावरची गणितं जास्त बरी करतात आणि बाजारातल्या हिशेबात गडबडतात. ब्राझीलमधल्या रेसिफेच्या रस्त्यांवर विक्री करणाऱ्या मुलांबद्दल १९८५ मध्येच असं काहीसं नोंदवलं गेलं होतं. दोन गणितं शेजारी राहतात आणि एकमेकांकडे जात-येत नाहीत. ‘आधी पाया’वाले यातून म्हणतात, बघा, नुसत्या अनुभवाने भागत नाही. मी म्हणतो, पुढचं वाक्यही वाचा: नुसत्या पायानेही भागत नाही. नवागामच्या मुलाकडे दोन्ही गणितं आहेत, एक जॉबवर्कचं, एक वहीतलं. त्यांची गाठ कोणीतरी मुद्दाम घालून द्यावी लागते. साडीवरची सुतळी दुसऱ्या दिवशी फळ्यावर बेरीज होऊन उतरते तेव्हा ती गाठ पडते. एका तासाने नव्हे, वर्षभर अशा तासांनी.

गरीब वस्त्यांत, लहान मुलांबरोबर हे होतं का? अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये नेल ड्यूक, ॲन-लीस हॅल्वर्सन आणि सहकाऱ्यांनी गरीब भागांतल्या शाळांतल्या दुसरीच्या वर्गांवर, काटेकोर तुलना करून, प्रकल्पांचा प्रयोग केला. सामाजिक शास्त्रात आणि माहितीपर मजकूर वाचण्यात प्रकल्पवाली मुलं पुढे गेली. लेखनात आणि शिकण्याच्या ओढीत असा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. शिक्षकांच्या हाती प्रत्येक तासाचा तपशीलवार आराखडा दिलेला होता, हेही. म्हणजे प्रकल्प म्हणजे जादू नाही. आधी बसून नीट आखायची गोष्ट आहे. आपल्याकडे तो आराखडा कोणी देत नाही, फक्त रकाना देतात.

यातलं काहीच नवं नाही. ड्यूई, किलपॅट्रिकचा १९१८ चा प्रकल्प-पद्धतीवरचा निबंध, १९३७ ची वर्धा परिषद ही नावं शिक्षणशास्त्राच्या परीक्षेपुरती सगळ्यांना येतात. मला त्या इतिहासातली दोन ठिकाणं सुरतकराच्या अंगणातली म्हणून महत्त्वाची वाटतात.

एक हरिपुरा, आपल्याच सुरत जिल्ह्यातलं. १९३८ च्या फेब्रुवारीत सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली तिथे काँग्रेस भरली आणि वर्धा योजनेतल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या तत्त्वाला तिने मान्यता दिली. हाताच्या कामातून सगळे विषय, ही कल्पना थोर होती. तिचं घोडं अडलं ते दुसऱ्या एका अपेक्षेपाशी: मुलांनी कातलेल्या सुतातून शाळेचा खर्चही निघावा. झाकीर हुसेन समितीने आर्थिक बाजू शैक्षणिक बाजूवर कुरघोडी करेल हा धोका तेव्हाच ओळखला होता. सूत विकायचं म्हटलं की तुटका धागा हे नुकसान झालं आणि मुलाचा चुकण्याचा हक्क गेला. पुढे १९५३ मध्ये मद्रासेत मुख्यमंत्री राजाजींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. जातीचा धंदा पोरांच्या गळ्यात बांधण्याचा हा डाव आहे म्हणून गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. तो विरोध रास्त होता. साडीचं उदाहरण वाचून कोणी मलाही हाच प्रश्न विचारेल, म्हणून स्पष्ट सांगतो: वर्गात लेस लावायला शिकवायची नाही. साडी तिथे मोजायला आहे.

दुसरं ठिकाण बोर्डी-कोसबाड. सुरतेहून मुंबईकडे निघालं की गुजरातची हद्द ओलांडताच बोर्डी रोड आणि घोलवड येतात. भावनगरला बालशिक्षणकार गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं शाळेत येईनात म्हणून शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावर गेली. मोंतेसोरीची महागडी लाकडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंखशिंपल्यांनी, बियांनी, खड्यांनी, पानांनी घेतली. या दोघींच्या त्यागाबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. त्यांच्या या व्यवहारी निवडीबद्दल फार कमी. शिंपला हरवला तर दुसरा मिळतो. बिया चुकीच्या ढिगात पडल्या तर पुन्हा वेचता येतात. गुरं राखणाऱ्या मुलाच्या हातून जनावर सुटलं तर घरी मार बसतो, शाळेत मात्र चुकलेलं परत मांडता येत होतं. आज अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं आहे, भिंतीवर प्राण्यांची चित्रंही आहेत. त्या दोघींनी चूक स्वस्त केली होती, ती गोष्ट मागे राहिली.

नवागामच्या बहुतेक घरांत खोली एकच असते आणि तिच्यात साड्यांचे गठ्ठे, रातपाळी करून झोपलेला माणूस आणि शिजणारा भात एकाच वेळी असतो. तिथे ‘प्रकल्प घरून करून आणा’ असं सांगणं म्हणजे आईच्या जॉबवर्कमध्ये आणखी एका जॉबवर्कची भर. म्हणून नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे आणि वस्तीतल्या खासगी शाळांकडेही मागणी एवढीच आहे: बालवाटिकेपासून तिसरीपर्यंत एकही प्रकल्प घरी पाठवू नका. तो वर्गात करा, शाळेच्या वेळेत करा, त्याला गुण देऊ नका आणि त्याचा फोटो काढू नका. सामान म्हणाल तर सुतळीचा गुंडा, एक जुनी साडी, मीटरची पट्टी. यासाठी नव्या धोरणाची वाट बघायला नको, मुख्याध्यापकांची एक सूचना पुरे. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी ती निघावी.